हात हलवायचे पैसे

"नुसतं हात हलवायचे पैसे घेतोस व्हय रं?" असं मला मांडवात लई जणांनी विचारलंय. विचारणाऱ्याचं चुकत नव्हतं. आमच्या गावची बँड पार्टी मी २८ वर्षं चालवली. पावसाळा शेतीचा, लगीनसराई बँडची. आधी ट्रम्पेट वाजवायचो, मग मास्तर झालो आणि वाजवणं सुटलं. बँडकडं तोंड करून उलटं चालायचं, तोंडात शिट्टी, वर हात. चौदा माणसं वाजवणार आणि मी बिनआवाजाचा.

यातली गोम अशी. वरात बोळात शिरली की बँड लांबतो. पुढं क्लॅरोनेट, पार मागं ढोल, मध्ये पन्नास-साठ फूट. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हंजे ढोलाचा ठोका पुढच्याला किंचित उशिरा पोचतो. त्याला धरायला पुढचा थांबला की मागच्याला ते आणखी उशिरा ऐकू येतं. असं करत गाणं चढाला लागलेल्या बैलगाडीगत रेंगाळतं. म्हणून तालाला कानावर इसंबायचं नाही, हातावर नजर ठेवायची. दुसरी भानगड उन्हाची. वैशाखात दुपारी पितळ तापलं की सूर चढतो. मग ट्रम्पेटची नळी जराशी बाहेर ओढायला लावायची. मांडवातल्या माणसाला हे कशाला ठाऊक असणार?

७ सप्टेंबर २०१३ ला झुबिन मेहतांनी श्रीनगरच्या शालिमार बागेत कार्यक्रम केला, तो दूरदर्शननं दाखवला. जर्मनीचा बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्रा घेऊन आलेले. माणूस आपल्या मुंबईचा, जन्म १९३६ चा. वडील मेहली मेहता व्हायोलिनवाले, त्यांनीच मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पोरगं डॉक्टरकीला घातलेलं, ते सोडून अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेलं. तिथं डबल बास वाजवायला शिकले. माणसापेक्षा उंच वाद्य, मागं राहून सगळ्यांना आधार देणारं. त्या दिवशी जर्मन लोकांबरोबर काश्मिरी वादकही बसले होते, संतूरबिंतूर घेऊन. घरची मंडळी बाग बघत होती, मी मेहतांचे हात. उजव्या हातातली काडी ताल दाखवते. डावा हात कुणाला दाबायचं, कुणाला उठवायचं ते सांगतो. आणि हात सुराच्या आधी चालतो. सूर निघाल्यावर हात हलवून काय उपयोग? सत्त्याहत्तराव्या वर्षी हा माणूस उभा राहून एवढ्या माणसांचा श्वास सांभाळत होता. मला एकदम तात्या आठवले.

तात्या आमचे क्लॅरोनेटवाले. वयानं माझ्या बापाएवढे, मला सारेगम त्यांनीच शिकवलं. एका उन्हाळ्यात त्यांचे वरचे पुढचे दोन दात पडले. क्लॅरोनेटचं तोंड वरच्या दातांवर टेकवून धरायचं असतं. दात गेले आणि कडेनं वारा निसटायला लागला. लोकांना कळायच्या आधी मला कळलं, कारण मास्तरचं खरं काम ऐकायचंच. दोन सुपाऱ्या मी तात्यांचा सूर झांजांखाली झाकला. तिसऱ्या लग्नात एका यजमानानं बिदागीतले पैसे कापले, तेही चारचौघांत. तात्यांनी ऐकलं.

रातच्याला टेम्पोत कुणी बोलंना. गाव जवळ आल्यावर तेच म्हणाले, "मास्तर, माझ्या जागी कुणीतरी बघ आता."

"तात्या, सीजन संपू द्या की. मग बघू."

"सीजनपायी पार्टी बुडवू नगंस. पर हातात कायतरी ठेव माझ्या. रिकाम्या हातानं नाय जमायचं मला बँडात चालायला."

मी त्यांना खुळखुळा दिला. बँडातलं सगळ्यात हलकं काम ते, नवशिक्या पोरांना देतात. काहींनी मला नावं ठेवली, म्हाताऱ्याला पोराच्या रांगेत उभं केलं म्हणून. पण वाटणीत त्यांचा हिस्सा क्लॅरोनेटवाल्याचाच राहिला आणि त्यावर कुणी तोंड उघडलं नाही.

पुढं डीजे आला, पार्टी मोडली. त्याचं रडगाणं सगळेच गातात. तात्या मात्र त्याआधी चार सीजन आमच्या मागच्या रांगेत चालले. उजव्या हातात खुळखुळा, डाव्या हाताची बोटं धोतरावर भोकं दाबत असायची. नवा पोरगा अंतऱ्याला अडखळायचा, कुठं उठायचं ते त्याला उमजायचं नाही. मग मी तात्यांच्या बोटांकडं बघायचो आणि पोराला हात द्यायचो.