सुहैली

सुहैलीला कुणी नाजूक म्हणणार नाही. बत्तीस फूट लांबी, रुंद पोट, दोन डोलकाठ्या आणि संथ चाल. १९६४ साली ही शिडाची बोट मुंबईत पाण्यात उतरली. व्यापारी जहाजांवर नोकरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने ती बांधून घेतली होती. इथल्या सुतारांनी वाकसाने सागवान तासलं, सामत्याने भोकं पाडली. पुढे तिने जे सोसलं, ते या सागवानाच्या आणि या हातांच्या जोरावर.

१४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फालमथ बंदरातून ती रॉबिनला घेऊन निघाली. कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची ही शर्यत होती. अशा प्रवासात मिस्त्रीही आपणच आणि डॉक्टरही आपणच.

अटलांटिकमध्येच तिच्या पोटात पाणी भरू लागलं. रॉबिनने बुडी मारून पाहिलं, तर तळाच्या कण्यालगत फळ्यांचे सांधे दोन्ही बाजूंना काही फूट उघडले होते. एरवी बोट किनाऱ्यावर ओढून करायचं हे काम त्याने दम रोखून पाण्याखाली केलं. नुसता कापूस फटीत ठासून बसेना. मग त्याने कॅनव्हासच्या अरुंद पट्टीवर कापूस शिवला, डांबर फासलं, तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या आणि पुन्हा पुन्हा बुड्या मारून पट्टी ठोकली. गोरं अंग शार्कच्या नजरेत भरू नये म्हणून गडद कपडे चढवले होते. तरीही एक शार्क आलाच. त्याला गोळी घालून काम पुढे चालू झालं आणि गळती आटोक्यात आली.

सुहैलीचा स्वभाव इथे कळतो. ती दुखणं लपवत नाही आणि इलाज करू देते. लाकूड, कापूस, डांबर, खिळे: एकट्या माणसाच्या आवाक्यातलं तिचं शरीर आहे.

सप्टेंबरात दक्षिण महासागरात एका लाटेने तिला आडवं पाडलं. ती उठली, पण केबिनचं छप्पर हललं होतं आणि टाक्यांमधलं पिण्याचं पाणी नासलं होतं. मग रॉबिनने शिडांवरून ओघळणारं पावसाचं पाणी साठवलं. बॅटरीतलं ॲसिड त्याच्या डोळ्यात उडालं, तेव्हा डोळा धुवायचा, औषधाचे थेंब घालायचे आणि वाट पाहायची, एवढाच उपचार होता. जनरेटर बिघडला तेव्हा त्यातली फट मोजायला फिलर गेज नव्हता. त्याने वहीची पानं मोजली. दोनशे पानं म्हणजे एक इंच, मग एक पान इंचाचा दोनशेवा भाग. तेवढ्या हिशेबावर जनरेटर चालू झाला.

पुढे आपोआप दिशा धरणारं यंत्र कायमचं मोडलं. तेव्हा रॉबिनने शिडं अशी बसवली की सुहैली स्वतःच वाट धरून चालू लागली आणि तो झोपू शकला. थकल्या, दुखऱ्या एकट्या माणसाची याहून मोठी शुश्रूषा कोणती? ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ती फालमथला परतली. शर्यतीत उतरलेल्या नऊंपैकी शर्यत पुरी करणारी ती एकटीच.

तिच्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ २०१८ मध्ये भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांना घेऊन तशाच प्रदक्षिणेला निघाली. हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली. झोपल्या जागेवरून त्यांनी उपग्रहामार्फत संदेश पाठवले. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं. अशा दुखापतीवर बोटीवर इलाज नसतो. पण मदत येईपर्यंत थुरिया तरंगत राहिली, हे सुहैलीच्या घराण्याला साजेसंच.

सुहैलीला काही वर्षं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवलं होतं. तिथल्या कोरड्या हवेने तिच्या फळ्या आकसू लागल्या, तेव्हा २००२ मध्ये रॉबिनने तिला बाहेर काढलं आणि पुढे स्वतः खपून पुन्हा पाण्यात सोडलं.

लांबच्या सफरीसाठी बोट निवडताना वेग पाहावा, सोयी पाहाव्यात. पण मोडल्यावर ती आपल्या दोन हातांना दुरुस्त करता येईल का, हे सर्वांत आधी पाहावं. सुहैली तशी होती, म्हणून दोघंही घरी पोहोचले.