रक्तातला राजा

फँटसी कादंबरी लिहायची असं मनाशी ठरवलं, तेव्हापासून माझं वाचन त्याच एका दिशेने चाललं होतं. रात्री कामं आवरली की जाडजूड मालिकेतला पुढचा खंड उघडायचा, हातात पेन्सिल घ्यायची आणि आवडलेल्या जागी समासात रेघ मारायची. आज ते खंड चाळताना दिसतं, की या रेघा बहुतेक एकाच प्रकारच्या प्रसंगापाशी आहेत. साधासुधा वाटणारा माणूस खरा कोण, हे उघड होतं तो प्रसंग. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये रानोमाळ भटकणारा ॲरागॉर्न जुन्या राजाचा, इसिल्डुरचा, वारस निघतो. पुढे मरणाच्या दारातली माणसं त्याच्या हातून बरी होतात, आणि राजा परत आला हे लोकांना त्यावरूनच उमगतं. राजेपण रक्तात असतं, लपवलं तरी लपत नाही, ही कल्पना मला या साहित्याचा प्राण वाटायची.

आता वाटत नाही. हा बदल घडवला त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने. १९१५ सालचं हे पुस्तक मी घेतलं ते निव्वळ कामासाठी. माझ्या कादंबरीतल्या गावांत किल्ले होते, मांत्रिक होते, पण तिथले लोक पोट कशावर भरतात याचा पत्ता नव्हता. आत्र्यांकडे तो सगळा मिळाला. काळी-पांढरी म्हणजे शेतजमीन आणि गावठाण, वतनं, कारू-नारू म्हणजे बलुतेदार-अलुतेदार, सुगीला धान्याच्या रूपात मिळणारं बलुतं, गावोगाव हिंडणारे फिरस्ते. काल्पनिक जग उभं करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे पुस्तक वाचावं, असं मी आता सगळ्यांना सांगते.

पण ते वाचताना एक गोष्ट सलू लागली. आत्रे कुणब्याच्या बाजूने पाहतात. कारू-नारू आणि फिरस्ते त्यांना पुष्कळदा कुणब्यावरचा भार वाटतात. मग मागणाऱ्याला काय वाटत असेल? म्हणून लगोलग दया पवारांचं १९७८ सालचं ‘बलुतं’ काढलं. तोच व्यवहार, पण महारवाड्यातून पाहिलेला. या दोन पुस्तकांच्या मध्ये मी बरेच दिवस अडकून होते. एका माणसाने कोणतं काम करायचं, कुठे राहायचं, कुणापुढे हात पसरायचा, हे सगळं तो जन्मला त्याच घटकेला ठरलेलं. आणि मी रोज रात्री पेन्सिलीने ज्याला दाद देत होते, तेही हेच होतं. जन्माने माणसाचं मोल ठरतं, यात अद्भुत ते काय? आपल्याकडे ते शतकानुशतकं रोजच्या व्यवहारात होतं.

तेव्हापासून जुनी आवडती पुस्तकं वेगळी दिसू लागली. टोल्किन माझा अजूनही लाडका आहे, पण मन आता सॅमपाशी थांबतं. माळ्याचा मुलगा. त्याच्या घराण्यात काही गुपित नाही. सत्तेची अंगठी हाती आल्यावर तीही त्याला मोह घालते, पण आपल्याला आपली छोटी बाग पुरे, हे तो ओळखतो. शेवटच्या चढावर आपल्या मालकाला, फ्रोडोला, पाठीवर घेऊन चालणारा तोच. अर्सुला ले ग्विनचा गेडही असाच, शेळ्या राखणारा, धातूकाम करणाऱ्याचा पोर. त्याच्यात शक्ती उपजत आहे, पण ती कुठल्या राजघराण्याची देणगी नाही.

सर्वांत अवघड गेलं ते कर्णाचं. त्याच्यावरच्या ‘मृत्युंजय’ कादंबरीची माझी प्रत वाचून वाचून खिळखिळी झाली आहे. शस्त्रस्पर्धेच्या मैदानात कृपाचार्य कूळ विचारतात आणि कर्णाची मान खाली जाते, तिथे मी प्रत्येक वाचनात रडले आहे. मात्र तो कुंतीचा मुलगा, सूर्यपुत्र, हे आपल्याला ठाऊक असतं म्हणून तो अन्याय आपल्याला इतका बोचतो का? तो खरोखरच अधिरथ आणि राधेचा मुलगा असता, तर कृपाचार्यांचा प्रश्न रास्त ठरला असता का? माझं उत्तर स्वच्छ ‘नाही’ असं आहे. आणि तसा कर्ण मला वाचायला हवा आहे.

फँटसीत हे कशाला आणायचं, तिथे तरी माणसाला मोकळं होऊ दे, असं एक मैत्रीण म्हणाली. मला तिचं म्हणणं कळतं. पण मोकळं व्हायला गेलेल्या जगातही वंशावळ विचारूनच आत घेणार असतील, तर तिथे कोण कोण मोकळं होणार?

माझ्या नायिकेच्या गळ्यातला राजचिन्हाचा ताईत मी काढून टाकला आहे. ती पाणी भरणाऱ्या बाईची मुलगी आहे आणि शेवटच्या पानापर्यंत तीच राहील. दगडाला बोलतं करण्याची विद्या तिला वारशाने मिळत नाही, एका म्हाताऱ्या पाथरवटिणीच्या हाताखाली राबून ती शिकावी लागते. हा बदल केल्यावर मात्र पूर्वी कधी न सुचलेला प्रश्न उभा राहिला. ही विद्या शिकून येत असेल, तर आजवर ती कुणाकुणाला शिकू दिली नाही, आणि कुणी? सध्या मी त्याच प्रकरणावर काम करते आहे.