फळीवरचीं मापें

धोतराला माप असतें तें कापडाचें. नेसणाऱ्याच्या अंगाशीं त्याचा संबंध नाहीं. लांबी किती वार आणि पन्हा किती इंच एवढें पाहिलें कीं झालें. एकाच जोडींतील एक धोतर थोरल्या काकांनीं नेसावें व दुसरें नुकत्याच कॉलेजांत जाऊं लागलेल्या पुतण्यानें, यांत कोणास वावगें वाटत नसे. निऱ्या दोन कमी वा दोन अधिक, इतकाच फरक. उपरण्याची गोष्ट तीच आणि फेट्याचीही तीच. पगडी मात्र बांधून तयार मिळे, म्हणून ती डोक्याचा घेर पाहून घ्यावी लागे. अंगरख्याचा आणि पुढें कोटाचा प्रश्न शिंप्याच्या फितीनें सोडविला. तेव्हां आज तयार कपड्यांच्या प्रत्येक दुकानदाराच्या मानेवर बसलेली चिंता पूर्वीं एकट्या पगडीवाल्याला ठाऊक होती: गिऱ्हाईक कोण येणार हें माहीत नसतांना माल कोणत्या मापाचा करून ठेवावा?

आमच्या घरीं पुरुषमाणसें सात. त्यांच्या छातीचीं मापें ३६ इंचांपासून ४६ इंचांपर्यंत पसरलेलीं. येत्या मार्गशीर्षांत घरांत लग्न आहे, आणि सर्वांनीं एकाच तऱ्हेचे भरतकामाचे झब्बे घालावे अशी तरुण मंडळींची हौस. नवरा मुलगा आणि मधली मंडळी एका दुपारींच उरकली; टोकांचे दोघे तेवढे अडले. धाकट्या पुतण्यास ३८ नंबरचा झब्बा आंत घेऊन देतां आला. थोरल्या काकांस ४६ नंबर कोठेंच मिळेना. ‘एवढें मोठें आम्ही ठेवीत नाहीं’ हें वाक्य चारचौघांत पांच वेळां ऐकल्यावर, चूक आपल्या पोटाची आहे अशी त्यांनीं समजूत करून घेतली आणि जुना कोटच बरा म्हणून ते घरीं परतले. ती समजूत आम्हांस पटेना. तेव्हां ठाण्यापासून उल्हासनगरपर्यंत आम्ही दोन-चार रविवार दुकानें पाहत हिंडलों, आणि हीं मापें ठरवितें तरी कोण, हें विचारीत गेलों.

ठाणें म्हटलें कीं १६ एप्रिल १८५३ ची आगगाडी आठवते. बोरीबंदराहून निघून २१ मैल धांवून ती येथें थांबली. पुरुषांच्या कापडाशीं या गांवाचें नातें मात्र १९२५ सालचें, रेमंडची लोकरीची गिरणी येथें निघाली तेव्हांपासूनचें. १९४४ सालीं ती सिंघानिया घराण्याकडे गेली. पोखरण रस्त्यावरील जेकेग्राम हें नांव त्या घराण्याची खूण होय. सुटाचें कापड येथून देशभर गेलें, पण गेलें तें तुकड्याच्या लांबीनें. अंगाचें माप घेणें हा गांवोगांवच्या शिंप्याचा धंदा. एखादा तुकडा यंदा न खपला तर पुढील वर्षीं तो कोणाच्याही अंगास चालत असे. दुकानदाराच्या दृष्टीनें हें केवढें सुख होतें, हें आज तयार शेरवाण्या विकणाऱ्यास विचारावें. २००९ च्या सुमारास ठाण्याची ती गिरणी थांबली, आणि गिरणीच्या आवारांत आतां उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत.

नौपाड्यांत गोखले रस्ता व राम मारुती रस्ता या दोन रस्त्यांवर संध्याकाळीं पाय ठेवण्यास जागा नसते. बुटीक या फ्रेंच नांवानें ओळखलीं जाणारीं छोटेखानी दुकानें येथें आहेत. कांचेमागें पुतळ्याच्या अंगावर बंदगळ्याचा कोट असा बसलेला असतो कीं पाहणाऱ्यानें हरखून जावें. आम्ही बाजूनें वाकून पाहिलें, तों पाठीमागें टाचण्यांची रांग! कोट पुतळ्याला होत नव्हता. तो पुढून होतोसा दिसत होता.

अशा दुकानाचा हिशेब मोठ्या पेढीसारखा चालत नाहीं. समजा, एका नमुन्याचे झब्बे घ्यावयाचे आहेत, मापें सहा, ३६ पासून ४६ पर्यंत, रंग तीन. प्रत्येकीं एकच नग घेतला तरी अठरा नग होतात. नगास आठ हजार धरले, तर १,४४,००० रुपये एका नमुन्यांत अडकले. आणि असे निदान वीस नमुने तरी फळीवर दिसावे लागतात, नाहीं तर गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच मागें फिरतें. म्हणून दुकानदार टोकें छाटतो. ३८, ४० व ४२ दोन-दोन, ४४ एक, आणि ३६ व ४६ यांस रजा. मधलीं मापें आधीं संपतात व नमुना ‘तुटतो’. मग उरलेला माल मोसमाच्या अखेरीस सवलतींत जातो. सवलतीच्या ढिगांत अगदीं लहान आणि अगदीं मोठींच मापें हातीं लागतात, असा ज्यांचा अनुभव आहे, त्यांस त्याचें कारण येथें सांपडेल.

टोकांपैकीं लहान टोक छाटण्यास आणखीही एक कारण आहे. कपडा आंत घेतां येतो. बाहेर सोडतां येतो तो शिवणींत दुमडून ठेवलेल्या कापडाइतकाच. या जास्तीच्या कापडास आमच्याकडे ‘माया’ म्हणतात. (इतकें समर्पक नांव दुसऱ्या कोणत्या धंद्यांत असेल असें वाटत नाहीं.) पूर्वींचा शिंपी वाढत्या मुलाच्या कोटांत सढळ हातानें माया ठेवी. तयार मालांत ती बोटभरही नसते, कारण हजार नगांवर तेवढ्याच कापडाची बचत होते. तेव्हां कृश माणसाचें मोठ्या मापांत कसेंबसें भागतें, स्थूल माणसाचें कशांतच भागत नाहीं. आमच्या पुतण्यास झब्बा मिळाला आणि काकांस मिळाला नाहीं याचें इंगित हें. त्यांतही खांदा ही अवघड जागा. छाती व लांबी कमी करतां येते, पण खांदा उतरला कीं अस्तरासकट सगळेंच उसवावें लागतें. झब्बा घेतांना आधीं खांदा पाहावा, मग इतर, असें प्रत्येक जाणत्या दुकानदारानें आम्हांस सांगितलें.

मधल्या मापांची ही भक्ति नवी नाहीं. बेल्जमचा पंडित केतले यानें १८४६ सालीं पांच हजारांहून अधिक स्कॉटिश सैनिकांच्या छातीचीं मापें मांडून दाखविलीं. चाळीस इंचांच्या आसपास गर्दी, आणि दोन्हीं बाजूंस उतरती संख्या. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत लाखों गणवेष शिवावे लागले, आणि सैनिकांच्या मापांवरून पुरुषांच्या तयार कपड्यांचे आंकडे रूढ होत गेले. पण छाती हें एक माप झालें. त्याच अमेरिकेंत वैमानिकांच्या बैठकीची मापें ठरविण्यासाठीं ४,०६३ वैमानिक मोजले गेले. छाती, हात, मांडी इत्यादि दहा मापें घेऊन डॅनियल्स नांवाच्या संशोधकानें, दहाही बाबतींत सरासरीच्या जवळपास किती आहेत हें शोधलें. १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालांत उत्तर आहे: एकही नाहीं. मग आमच्या सात जणांची ती काय कथा? तयार सुटांत छातीपेक्षां कंबर सहा इंचांनीं लहान धरण्याचा पाश्चात्त्य प्रघात आहे. काकांच्या बाबतींत तें अंतर दोन इंचांचें आहे. म्हणजे छातीस बसेल तो कोट पोटावर मिटत नाहीं, आणि पोटावर मिटेल तो खांद्यावरून ओघळतो.

आंकड्यांचाही एक घोटाळा आहे, तो गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. शर्टावरील ३९, ४०, ४२ हे आंकडे पुष्कळ कारखानदार गळपट्टीचा घेर म्हणून सेंटिमीटरांत देतात. झब्ब्यावरील ४०, ४२ हे छातीचे इंच. विजारीवर कमरेचे इंच. शिवाय कोणी अंगाचें माप छापतो, तर कोणी कपड्याचें. एकाच माणसाचा शर्ट चाळीस आणि झब्बा बेचाळीस असला, तर तो मधल्या मध्यें सुटला असें समजूं नये.

डोंबिवलीस आलों कीं हिशेबांत पंचांग शिरतें. फडके रस्त्यावर दिवाळीच्या पहिल्या पहाटे तरुण-तरुणींची जी गर्दी लोटते, ती ज्यांनीं पाहिली नसेल त्यांनीं एकदां पाहावी. नवा झब्बा न घालतां तेथें जाणारा तरुण विरळा. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची प्रथाही याच गांवच्या गणेश मंदिर संस्थानानें १९९९ सालीं सुरू केली, आणि तेथून ती गांवोगांव पसरली. या दोन्ही सणांचें गिऱ्हाईक शेवटच्या तीन-चार दिवसांत येतें, तेंही रात्रीं आठच्या गाडीनें उतरून. कपडा आंत-बाहेर करून देण्यास तेव्हां वेळ नसतो. आहे तें अंगावर बसलें तर विकलें. म्हणून सणाच्या साध्या झब्ब्यांत मापें पुष्कळ व नमुने थोडे ठेवावे लागतात. लग्नाच्या शेरवाणीचें उलट. तेथें गिऱ्हाईक महिना आधीं येतें, तेव्हां नमुने पुष्कळ आणि मापें एक-दोन. घालून दाखवावयास ४० चा एक नग, आणि मग फीत घेऊन बेतून देणें. महाग कपड्याच्या बाबतींत दुकान पुन्हा शिंप्याच्याच वाटेनें जातें, ही गंमत आहे. मुंजीच्या सामानांत तर शिवलेलें सोंवळें मिळूं लागलें आहे. निऱ्या घालून, कमरेस नाडी लावून, बटूच्या वयाप्रमाणें नंबर टाकलेलें. धोतरालाही अंगाचें माप लागलें!

येथेंच, रस्त्यापासून जरा आंतल्या एका दुकानांत, आमच्या प्रश्नाचें खरें उत्तर मिळालें. दुकान चालविणाऱ्या बाई पूर्वीं बँकेंत होत्या. इतर दुकानदारांनीं आम्हांस सांगितलें होतें कीं, ४६ नंबर खपत नाहीं हें आमच्या विक्रीच्या वहीवरूनच सिद्ध आहे. बाई म्हणाल्या, ‘जें फळीवर ठेवलेंच नाहीं, तें वहींत विकलेलें दिसणार कसें? रिकाम्या हातानें गेलेला माणूस पावती फाडून जात नाहीं.’ त्यांनीं गल्ल्याशेजारी दुसरी एक वही ठेवली आहे. काय मागितलें, कोणत्या मापाचें, आणि नव्हतें म्हणून कोण परत गेलें, एवढेंच तींत लिहिलेलें. एका दिवाळीच्या नोंदींत ४४ च्या वरच्या मापाची विचारणा पानापानावर होती. तेव्हांपासून त्या दोन नमुने कमी घेतात आणि ४६ व ४८ ठेवतात. यंदाचे मात्र आम्ही जाण्यापूर्वींच संपले होते. मोठ्या पेढ्या यंत्रावर हिशेब ठेवतात. पण तें यंत्रही विकलेलेंच मोजतें. आमच्या काकांसारख्यांची गणना त्या दुसऱ्या वहींत होते, आणि अशी वही आम्हांस या सबंध फेरींत एकाच ठिकाणीं दिसली. काकांस आम्ही दुसऱ्याच दिवशीं तेथें नेलें. बाईंनीं एकही आंकडा मोठ्यानें न उच्चारतां माप घेतलें आणि पंधरा दिवसांचा वायदा केला.

कल्याणास आम्ही फार थांबलों नाहीं. पेठ जुनी, गर्दी दांडगी, पण माल बहुतेक तोच. तो येतो कोठून म्हणून विचारतां निदान चौघांनीं पूर्वेकडे बोट दाखविलें.

विठ्ठलवाडीनंतरचें स्टेशन उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धांत येथें सैन्याच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित त्यांत राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनीं कोनशिला बसवून या वस्तीस उल्हासनगर हें नांव दिलें. मोहल्ल्यांचीं नांवें अजून कॅम्प एक ते कॅम्प पांच अशींच आहेत. सर्वस्व गमावून आलेल्या लोकांनीं येथें जो कापडाचा व तयार कपड्यांचा व्यापार उभारला, त्याबद्दल आपल्याकडे थट्टाच फार झाली. वास्तविक आपल्या घरांतील निम्म्या विजारींचा जन्म तेथला असण्याचा संभव आहे.

एका कारखान्यांत कापण्याचें टेबल पाहिलें. कापडाचे थर एकावर एक पसरलेले, आणि वर कागदावर सर्व मापांचे भाग आंखलेले. मोठ्या मापाच्या पाठीशेजारी जो कोपरा उरतो त्यांत लहान मापाची बाही बसवितात, म्हणजे कापड वायां जात नाहीं. त्यामुळें कोणतें माप किती निघणार हें त्या कागदावरच ठरतें. एक लहान, दोन मध्यम, दोन मोठे आणि एक त्याहून मोठा, असा सहांचा ‘सेट’. दुकानदारास घ्यावयाचा तर सेट घ्यावा लागतो. त्यांतील नको तें माप काढून ठेवण्याची सोय नाहीं. ४६ ला कापड अधिक लागतें आणि किंमत तर सेटमध्यें एकच. म्हणून तें माप कागदावर येतच नाहीं. तेथील कटिंग मास्तरांस आम्ही विचारलें, हे मूळ आंकडे कोठले? ते म्हणाले, परदेशच्या मालाच्या मापांवरून आले आणि हात फिरत फिरत बदलले. आपल्या लोकांच्या अंगाचीं मापें घेण्यासाठीं केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयानें राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे काम सोंपविलें. सहा शहरांत, त्यांत मुंबईही आली, १५ ते ६५ वर्षांच्या पंचवीस हजार स्त्रीपुरुषांचीं मापें प्रकाशयंत्रानें घेण्याची ती योजना. मास्तरांच्या कानावर तिचें नांव आलें होतें. त्यांच्या भिंतीवर मात्र खिळ्याला अडकविलेले पुठ्ठ्याचे जुनेच नमुने होते. ४० चा हाताळून काळा पडलेला, ४६ चा कोरा करकरीत.

एका दुकानापुरते दोन नग कापण्यास ते तयार नाहींत. तेवढ्यासाठीं थर पसरणें परवडत नाहीं, हें आम्हांसही दिसत होतें. चार दुकानांनीं मिळून मोठ्या मापांची दोन डझनांची मागणी आणली, तर वेगळा कागद आंखूं, असें ते म्हणाले. परततांना डोंबिवलीस उतरून हा निरोप आम्हीं बाईंना पोंचविला. त्यांनीं दुसरी वही उघडली, मागील दोन महिन्यांच्या नोंदी बोटानें मोजल्या, आणि कल्याणच्या एका दुकानदारास फोन लावला.