जिभेखालची गोळी

सुरतच्या लिंबायत, उधना, दिंडोली भागांत खानदेशातली घरं दाटीवाटीनं नांदतात. माझा भाचाही अमळनेरकडून आला आणि पॉवरलूमवर लागला. बारा तासांची पाळी, तीही उभ्यानं. कंबर धरू लागली तेव्हा शेजारच्या कारागिरानं त्याला एक कॅप्सूल दिली. दुखणं थांबलं, अंगात हुशारी आली. ते ट्रॅमाडॉल होतं, अफूसारखं काम करणारं वेदनाशामक. एप्रिल २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली आहे, तरी त्याला मिळत गेलं. नाही मिळालं की नाक गळायचं, पोटात मुरडा यायचा, रात्रभर तो पाय झाडत पडायचा.

व्यसनमुक्ती विभागात नेलं, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीनं आधी एमआरआयचा हट्ट धरला. “मेंदू किती खराब झालाय ते तरी कळू द्या, डॉक्टर.”

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. व्यसनाचं निदान लक्षणांवरून होतं. मेंदूचे असे फोटो संशोधनाला उपयोगी पडतात, एकेका रुग्णाचं औषध त्यांवरून ठरत नाही. मग त्यांनी बुप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन सुरू केलं.

ही गोळी गिळायची नसते. भाचा बाकावर बसायचा, सिस्टर ती जिभेखाली ठेवायला लावायच्या. विरघळेपर्यंत पाणी नाही, बोलणं नाही. तोंडात लाळ साठायची, तरी तो मान खाली घालून तसाच बसायचा. शेवटी “जीभ वर कर” म्हणून सिस्टर तपासून घ्यायच्या.

बहिणीला हे पटेना. “एक नशा सोडवली नि दुसरी लावली,” असं ती येईल त्याला सांगायची.

तिच्या शंकेचं उत्तर मेंदूच्या चित्रांनीच दिलं आहे. हेरॉइन असो की ट्रॅमाडॉल, ही द्रव्यं मेंदूतल्या ‘म्यू’ नावाच्या रिसेप्टरवर, म्हणजे ठरावीक जागांवर, बसतात. २००३ मध्ये अमेरिकेत मार्क ग्रीनवॉल्ड आणि सहकाऱ्यांनी हेरॉइनचं व्यसन असलेल्या पाच जणांचे पेट स्कॅन केले. यात किंचित किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून सोडतात. ते मोकळ्या रिसेप्टरना चिकटतं आणि स्कॅनरला दिसतं. रोज २ मिलिग्रॅम बुप्रेनॉर्फिनवर ४१ टक्के जागा भरल्या, १६ मिलिग्रॅमवर ८० टक्के, ३२ वर ८४. जागा भरलेल्या असल्या की तलफ शमते आणि वरून घेतलेल्या नशेचा फारसा अंमल चढत नाही. शिवाय हे औषध रिसेप्टरला अर्धवटच चालवतं. त्यामुळे नियमित घेणारा झिंगत नाही, कामावर जाऊ शकतो.

गोळी चुकली तर? २००७ मध्ये याच गटानं तेही मोजलं. शेवटच्या १६ मिलिग्रॅम मात्रेनंतर ४ तासांनी ७० टक्के जागा भरलेल्या होत्या, २८ तासांनी ४६ आणि ७६ तासांनी अवघ्या १८. भाचा गावी लग्नाला गेला आणि गोळ्या सुरतेतच राहिल्या. मांडव उतरेपर्यंत त्याचं नाक पुन्हा गळू लागलं होतं. परतल्यावर तो थेट दवाखान्यात गेला. बहीण स्वतः सोबत गेली. त्यानंतर तिनं गोळीला नशा म्हटलं नाही.

मेंदू सावरायला वेळ घेतो. संशोधक नोरा व्होल्कोव्ह यांच्या २००१ च्या अभ्यासातली नशा वेगळी होती, मेथॅम्फेटामिनची. ती १२ ते १७ महिने सोडलेल्यांच्या मेंदूत डोपामिन वाहून नेणारी प्रथिनं बरीच भरून आलेली दिसली. हालचालींच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत मात्र तेवढी सुधारणा नव्हती. घरच्यांनी महिन्याभरात ‘झाला बरा’ म्हणून उपचार थांबवणं किती घातक, हे यावरून ओळखावं.

एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २.२६ कोटी लोक अफू, हेरॉइन किंवा अशी वेदनाशामकं घेतात. भाचा आज लूमवर आहे आणि गोळीही चालू आहे. तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल, तर ती परस्पर बंद करू नका. उपचार सुटला की शरीराची सवय उतरते आणि नशेची जुनी मात्रा जिवावर बेतू शकते. मदत हवी असेल तर राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनला १४४४६ वर फोन करा. तो मोफत आहे.