क्लच आणि वही

आमच्या गाडीचा क्लच रोज बिघडत नव्हता, हीच खरी अडचण. भालकीहून हुमनाबाद, कमलापूरमार्गे कलबुर्गीला पोचलं, की सुपर मार्केटच्या गर्दीत पेडल खाली बसायचं आणि गियर पडायचा नाही. शोरूमला नेईपर्यंत गाडी थंड, पेडल ठणठणीत! "प्लेट झिजली असेल, ती वॉरंटीत येत नाही," हे उत्तर दोनदा ऐकलं. जॉबकार्ड इंग्रजीत, बोलणं कन्नडमध्ये. आप्पा गप्पच व्हायचे.

मग आईनं वही केली. तारीख, किलोमीटर, ऊन, गाडी किती वेळ चालली होती, सगळं टिपलं. तिसऱ्या खेपेला आप्पांनी वही पुढं ठेवली. "गरम गाडी तुम्हीच चालवून बघा." एक वयस्कर मेकॅनिक गर्दीत फिरून आला अन् म्हणाला, "प्लेट अच्छीच है, सील जा रा." मास्टर सिलिंडरचं सील तापलं की आतल्या आत दाब सोडत होतं, म्हणून बाहेर गळती दिसत नव्हती. सिलिंडर वॉरंटीत बदलून मिळालं.

मित्रांनो, तक्रार जॉबकार्डवर नीट लिहून घ्या, वाचूनच सही करा आणि प्रत जपून ठेवा. तरीही ऐकलं नाही, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथंही आधी कागदच विचारतात.