दोन तारे आणि एक पट्टी

लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारे असतात. सुभेदाराच्याही खांद्यावर दोनच. फक्त सुभेदाराच्या ताऱ्यांखाली एक रंगीत पट्टी असते. लेफ्टनंट २३ वर्षांचा असतो आणि सुभेदाराची नोकरीच तेवढ्या वर्षांची झालेली असते. तरीही सॅल्यूट करायचा तो सुभेदाराने. पण लेफ्टनंटही त्याला नुसत्या नावाने हाक मारत नाही. तो 'सुभेदार साहेब' म्हणतो आणि सुभेदारही त्याला साहेबच म्हणतो. एकच शब्द खालून वर जातो आणि वरून खालीही येतो.

हे मला पुस्तकांतून कळलेलं नाही. माझे थोरले काका, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, साताऱ्याकडून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले आणि सुभेदार होऊन निवृत्त झाले. सॅपर्सचं केंद्र खडकीला. तिथून पिंपरीकडे निघालं की दापोडीला मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेजची, म्हणजे सीएमईची हद्द लागते. इंजिनिअर कोअरचे तरुण अधिकारी इथे शिकतात. त्याच रस्त्याने पुढे नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत मी चाकणला कामाला जातो. कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम. मशीन किती वेळ चाललं, किती वेळ थांबलं आणि का थांबलं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर.

सुभेदार या हुद्द्याचा इतिहास फारसा गोड नाही. इंग्रजांच्या सैन्यात हिंदी माणसाला बराच काळ अधिकारी होताच येत नव्हतं. जवानांची भाषा, गाव, रजेची निकड, घरातलं दुखणंखुपणं इंग्रज अधिकाऱ्याला कळत नसे. म्हणून मधला माणूस हवा होता. त्याला राजाचं नव्हे, तर व्हाइसरॉयचं कमिशन मिळे. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार हुद्द्यापर्यंत पोहोचले होते. त्या काळी हिंदी माणसाची शिडी तिथेच, फार तर सुभेदार मेजरपाशी, संपायची. पंचवीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार विलायतेहून कालच आलेल्या पोराला सॅल्यूट ठोकायचा. १९३२ मध्ये डेहराडूनची अकादमी सुरू झाली, हिंदी अधिकारी वाढले. स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉय गेला, पण त्याच्या कमिशनचा हुद्दा 'ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर' या नावाने राहिला. अधिकाऱ्यांची मेस आणि जेसीओंची मेस आजही वेगवेगळ्या असतात. म्हणजे 'साहेब' म्हटलं म्हणून अंतर मिटलं, असं अजिबात नाही.

मग मिळतं काय? आप्पांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, "हे बघ, नवा साहेब नकाशा घेऊन येतो. जमीन आम्हाला माहीत असते. चारचौघांत आम्ही त्याला चूक म्हणत नाही. बाजूला घेऊन सांगतो. ऐकलं तर ठीक. पण हुकूम त्याच्याच तोंडून जायला पाहिजे."

"आणि तुमचं ऐकून चुकलं तर?"

"तर वर जाऊन बोलणी तो खाणार. सुभेदारानं सांगितलं होतं, असं म्हणणारा साहेब दुसऱ्या दिवशी कंपनीत तोंड दाखवू शकत नाही."

हा सौदा मला नीट कळायला वेळ लागला. खालच्याने खरं सांगायचं, वरच्याने दोष घ्यायचा. दोन्ही बाजू पाळल्या तरच आदर टिकतो. नुसत्या गोड बोलण्यावर तो उभा नसतो.

याच बॉम्बे सॅपर्समध्ये एक माणूस दोन्ही बाजूंना उभा राहिलेला आहे. रामा राघोबा राणे, कारवारकडचे. १९४० मध्ये साधे जवान म्हणून भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून द्यायचं काम त्यांच्या तुकडीकडे आलं. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. त्या जखमींत राणेही होते. जखमी असूनही त्यांनी काम सोडलं नाही. पुढचे दिवस ते माणसांबरोबर रस्त्यावरच होते. त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्या एप्रिलमध्ये ते २९ वर्षांचे होते, माझ्याहून वर्षभराने मोठे. त्यांना हुकूम देता येत होता, हे कागदावर लिहिलेलं होतं. पण आठ वर्षांपूर्वी आपणही याच रांगेत होतो, हे त्या कागदावर नसलेलं कमिशन त्यांच्याकडे होतं.

चाकणमध्ये रोज नवे लेफ्टनंट येतात. त्यांना ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणतात. वय २२, डिग्री ताजी, हातात टॅब्लेट. त्यांच्या शिफ्टमध्ये अठरा-वीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस असतो. त्याला सगळे 'मामा' म्हणतात. ऐकायला छान वाटतं. पण मामा म्हणायला पैसे पडत नाहीत. सुभेदाराचा मान त्याच्या खांद्यावर शिवलेला असतो, समोरचा पोरगा सभ्य असो वा नसो. मामांच्या खांद्यावर काही नसतं. बरेचसे मामा तर ठेकेदाराचे कामगार. ठेका बदलला की गेटपास नवा, आणि कागदावर माणूसही नवा.

एका कारखान्यात आमचं सॉफ्टवेअर बसवत असताना रात्रपाळीत एक मामा ट्रेनीला म्हणाले, "साहेब, स्पिंडलचा आवाज बदललाय." स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. सकाळी माल पाठवायचा होता. तरी पोराने मशीन थांबवलं, मेंटेनन्सला बोलावलं. बेअरिंग खरंच गेलं होतं. पण मशीन थांबलं की कारण निवडावं लागतं, आणि यादीत होतं ते असं: मटेरियल नाही, टूल बदल, वीज नाही, ब्रेकडाउन, ऑपरेटर डिले. ब्रेकडाउन म्हणावं, तर मशीन चालू असताना माणसाने हाताने बंद केलेलं. सिस्टिमने ते घेतलं नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये मामांच्या नावापुढे लाल रंगात 'ऑपरेटर डिले' दिसलं. ट्रेनीने उभं राहून सांगितलं, "मशीन मी थांबवलं." मामांच्या सांगण्यावरून, हे त्याने पुढे जोडलं नाही. मला आप्पा आठवले.

जपानमध्ये टोयोटाने लाइनवरच्या कोणत्याही कामगाराला दोरी ओढून मदत मागायची, गरज पडली तर लाइन थांबवायची मुभा दिली. ती पद्धत जगभर पसरली. त्या पद्धतीचे अँडॉन दिवे चाकणमध्येही लटकलेले दिसतात. पण दिवा विकत आणता येतो. तो लावणाऱ्याच्या माथी दोष येणार नाही, ही हमी विकत मिळत नाही. ती द्यायला वरच्या माणसाला स्वतः उभं राहावं लागतं.

कारणांची यादी ग्राहकाची होती. ती बदलावी असं आम्ही सुचवलं, आणि बऱ्याच मीटिंगांनंतर एक नवा कोड आला: 'ऑपरेटरच्या सूचनेवरून तपासणी'. अट एकच, शिफ्ट इन्चार्जची मंजुरी हवी. म्हणजे खरं सांगणाऱ्याचं नाव खाली आणि जबाबदारी घेणाऱ्याचं नाव वर, दोन्ही एकाच नोंदीत. मला ही अट आधी जाचक वाटली होती. आप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बरोबर आहे की मग."

तो कोड वापरला जातो. रोज नाही, सगळ्या शिफ्टमध्ये तर नाहीच. बहुतेक नोंदी त्याच पोराच्या मंजुरीने होतात. मामांचा ठेका या दिवाळीनंतर पुन्हा संपतोय.