एका सुराने भरलेलं कॅथेड्रल

आंबोलीच्या रानाला आपण दाट म्हणतो, पण जोयडा तालुक्यात भरदुपारीही ऊन जमिनीला शिवत नाही! त्या हिरव्या काळोखातून कॅसलरॉकचा घाट उतरलो, गोव्यात शिरलो, आणि जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलसमोर मान वर करून उभाच राहिलो. १५६२ साली सुरू झालेलं बांधकाम १६१९ मध्ये संपलं. लांबी ७६ मीटर! दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून ओळखली जाणारी ती प्रसिद्ध घंटा टांगलेली. आत पांढऱ्याशुभ्र कमानींच्या टोकाला सेंट कॅथरीनची सोनेरी वेदी झळाळते आहे.

आणि मग गाणं सुरू होतं.

ऑर्गन नाही, व्हायोलिन नाही, ताल नाही. एक आवाज उठतो, बाकीचे त्याच सुरात मिसळतात. वर-खाली दुसरी पट्टी नाहीच; सगळ्यांचा मिळून एकच सूर! माझे मराठी कान समेची वाट बघताहेत, पण सम येत नाही. शब्द जितका लांब, तितकाच स्वर लांब. ओळ संपते, तरी छत ती सोडत नाही. घुमणाऱ्या शेवटच्या स्वरावरच पुढची ओळ पाऊल ठेवते. एवढ्या दगडी पोकळीत द्रुत तानांचा नुसता कालवा झाला असता. हे संथ गाणं मात्र इथे फुलतं.

हेच ते ग्रेगोरियन गायन. नवव्या शतकाच्या सुमारास युरोपात याच सुराला दुसऱ्या आवाजाची जोड मिळाली आणि तिथून चर्चचं बहुस्वरी संगीत वाढत गेलं. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना दार उघडलं, तरी रोमन उपासनेत मानाचं पान याच गायनाला दिलं.

मला राहून राहून ज्ञानेश्वरीचं पारायण आठवत होतं. ते उगीच नव्हे! १५७९ साली इथे आलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स आपली ओवीच हाती धरून बसला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोलला छापलं गेलं: जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत! लॅटिन स्तोत्रांच्या मुलखात ख्रिस्ताची कथा ओवीत चालली, या विचाराने मी अजून थरारतो.

बाहेर आल्यावर कळलं, ईस्टरआधीच्या उपवासकाळात इथल्या गावोगावी मोतेत नावाची भक्तिगीतं गातात, कोकणीत आणि लॅटिनमध्ये, अनेक आवाजांत, व्हायोलिन-क्लॅरिनेटसह. आता उपवासकाळात पुन्हा गोवा गाठायचा, आणि आधी राशोल.